टायरवरचे चार आकडे

बाभूळवस्ती, ता. जामखेड
२७ जानेवारी २०२६

रंगामामा,

पाया पडतो. फोन केला होता, पण तुम्ही चार वेळा "कोण? कोण?" करून ठेवून दिला. कानाचं दुखणं मला माहीत आहे, राग नाही. म्हणून हे पत्र. बारावीनंतर एवढं लिहायची पहिलीच वेळ आहे, अक्षराला हसू नका.

मी दोन महिने झाले ज्ञानीताईकडे आहे. चाकणची कंपनी सोडली. मग सोलरवाल्यांबरोबर खांब रोवले, तेही सोडलं. मधे वीस दिवस मेंढक्यांबरोबर होतो. मामा, मेंढरं बाभळीच्या शेंगा खातात ना, तेव्हा दोनशे मेंढरांच्या दातांचा आवाज एकदम येतो, पत्र्यावर बारीक पाऊस पडल्यासारखा. तो ऐकत मी तासन् तास बसायचो. मेंढका म्हणाला, "पावनं, तुमी राखाया आलाय का ऐकाया?" मग तेही सुटलं.

आता कामाचं. कारभारीदाजींची पिकअप तुम्ही पाहिली नसेल. सकाळी चार वस्त्यांवरचं दूध कॅनांत भरून घाटानं खाली जामखेडच्या शीतकेंद्रावर न्यायचं, येताना पेंडेची पोती भरून घाट चढायचा. गाडी जुनीच घेतलेली. तिच्याबरोबर आलेली टायरं आता गुळगुळीत झालीत, अंगठा घसरतो. परवा दाजी जेवताना म्हणाले, "दुधाला सुट्टी नसती, मला हालता येत न्हाई. तू हिंडतोसच, तर हिंडता हिंडता टायरं घिऊन ये. तुज्यावर सोडलं."

ताईनं माझ्याकडं पाहिलं. मामा, माझ्यावर आजवर कुणी शेळीसुद्धा सोडली नव्हती.

वस्तीवरच्या डेअरीवर विचारलं तर तिघांची चार मतं. एक म्हणतो नायलॉन घे, एक म्हणतो रेडियल, एक म्हणतो रिमोल्ड घे आणि राहिलेल्या पैशात गाडी सजव. तुम्ही आयुष्यभर टायरच्या शेडमधे काम केलंत. स्वस्त पण पाहिजे आणि तीन वर्षं चाललं पण पाहिजे. काय घेऊ?

तुमचा,
कानिफ


केडगाव, नगर
१ फेब्रुवारी

चि. कानिफ,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. मेंढरांना अर्धं पान आणि गाडीच्या टायरचा साइज कुठंच नाही. तो जुन्या टायरच्या कडेवर लिहिलेला असतो. तोच घ्यायचा, दुकानदार "एक नंबर मोठं बसतं" म्हणाला तरी ऐकायचं नाही.

आता नीट वाच. रिमोल्ड, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवलेलं, चांगलं असतं, मी तीस वर्षं तेच केलं. पण रिमोल्ड करणारा माणूस ओळखीचा पाहिजे. तुझ्या ओळखीचा कुणी नाही, तेव्हा ते सोड. नायलॉन दणकट, दगडाला दाद देत नाही, स्वस्तही पडतं. पण तुमचा घाट आहे. भरल्या गाडीला उतारावर ब्रेक लागले की नायलॉन तापतं. आणि तुमची तीन हिस्से वाट डांबरी. म्हणून कमी तापणारं, जाड कडेचं रेडियल घ्या, वजनाचा आकडा जास्तीत जास्त असलेलं. चारही एका जातीची. दोन अशी दोन तशी केलं तर वळणावर गाडी दोन मतांची होते.

स्वस्त म्हणजे काय ते समजून घे. दुकानात किंमत कमी ते स्वस्त नव्हे. किती किलोमीटर चाललं त्याच्यावर स्वस्त ठरतं.

नवीन टायरच्या अंगावर रबराचे बारीक केस असतात, नुकत्या जन्मलेल्या पोराच्या पाठीवर असतात तसे. आणि नक्षीच्या घळीत मधे मधे आडवी गाठ असते. टायर झिजून गाठीला टेकलं की त्याचं आयुष्य संपलं. काही लोक संपलेल्या टायरला गरम सुरीनं घळी पाडतात, वरून काळं पॉलिश मारतात आणि नवं म्हणून विकतात. त्यात गाठ कापली गेलेली असते. आणि कडेवर एका लंबगोलात चार आकडे असतात. त्याचं काय ते दुकानात दाखवीन, पत्रात लिहिलं तर तू विसरशील.

दुकानात एकटा जाऊ नको. सोमवारी ९ तारखेला पहिल्या एस्टीनं निघ. मी दहा वाजता माळीवाडा स्टँडवर उभा राहतो.

रंगनाथ


बाभूळवस्ती
१२ फेब्रुवारी

मामा,

पाया पडतो. आनंदाची बातमी, टायरं आणली! चारही. रेडियल. तुम्हाला उगाच त्रास नको म्हटलं, गुडघे दुखतात तुमचे, म्हणून स्टँडवर न थांबता तसाच पुढं गेलो आणि एक चांगलं दुकान सापडलं. नवी कोरी, आणि एवढ्या कमी भावात की दाजींना अर्धे पैसे परत दिले. दाजींनी पैसे हातात धरले आणि माझ्याकडं बघतच राहिले.

दुसऱ्या दिवशी ताईनं पूजा केली. प्रत्येक चाकाखाली लिंबू, पुढं नारळ. तिनं तांब्यानं चारी चाकांचे पाय धुतले, हळदीकुंकवाची बोटं ओढली. आशू (ताईची पोरगी, तुम्ही तिला पाळण्यात पाहिली असेल, आता दुसरीत आहे) म्हणाली, मी पण. तिची बोटं काळी झाली. ताईनं शिरा केला होता. दाजींनी गाडी लिंबांवरून पुढं घेतली आणि खाली उतरून नारळाचा पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला. शेजारच्या छबूबाई म्हणाल्या, "कारभाऱ्या, मेव्हना लई कामाचा निघाला की रं!"

हवा इथं अजून गार आहे. पळस फुटायला लागलाय. मी हल्ली जामखेडला चालतच जातो, नऊ किलोमीटर, आडवाटेनं टेकडी उतरून. चाललं की बरं वाटतं. वाटेत एक धनगर भेटतो, त्याच्या कुत्र्याला तीन पाय आहेत पण पळतं चौघांच्या पुढं.

गुडघ्यांना तेल लावत जा.

कानिफ


नगर
१६ फेब्रुवारी

चि. कानिफ,

मी सोमवारी दहा ते दोन स्टँडवर उभा होतो. जामखेडची प्रत्येक गाडी बघितली. असो.

टायरं आणलीस, चांगलं केलंस. तीन गोष्टी कळव. टायरवर केस होते का? घळीत गाठी आहेत का? आणि लंबगोलातले चार आकडे लिहून पाठव.

आशूची बोटं काळी का झाली?

रंगनाथ


बाभूळवस्ती
२१ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार. तुम्ही उभे होतात हे वाचून मला लाज वाटली. पुढच्या वेळी असं होणार नाही.

केस होते, भरपूर. आता चालून चालून झडले. गाठी पण आहेत. आकडे ६१२४. बोटं काळी झाली ती नव्या टायरला पॉलिश असतंच म्हणून.

इथं माझं फार नाव झालंय मामा, नको तेवढं. दाजी डेअरीवर प्रत्येकाला थांबवून सांगतात. काल मी कॅन उतरवत होतो तर मला सगळ्यांसमोर पुढं ओढलं. म्हणाले, "ह्याला सगळे वाया गेलेला म्हनत हुते. ह्यानं मला टायरं आनून दिली, आन पैसं म्हागारी दिलं. दिलं का न्हाई कुनाच्या मेव्हन्यानं?" समोर राहतो तो सुनील म्हणाला, त्याच्या टेम्पोची टायरंसुद्धा मीच आणायची. मी म्हणालो, बघू.

आणि दाजींनी ठरवलंय, रंगपंचमीला, ८ मार्चला, मढीला नाथांच्या यात्रेला जायचं. दरवर्षी भाड्याची गाडी करतात, यंदा आपलीच. मागं ताडपत्री बांधायची, वस्तीवरच्या सतरा बायका, ताई आणि आशू पुढं. माझं नाव नाथांवरनं ठेवलेलं, म्हणून ताई म्हणते, तुला तर यावंच लागेल. मी म्हणालो, मी पायी येतो. दोन दिवस आधी निघतो. नाथाच्या दारी पायीच जावं.

इकडं उन्हाळा एकदम लागला. दुपारी डांबर चपलेला चिकटतं. बाकी ठीक.

कानिफ


नगर
२५ फेब्रुवारी

कानिफ,

वर्षात बावन्न आठवडे असतात, फार तर त्रेपन्न.

त्या चार आकड्यांतले पहिले दोन म्हणजे टायर ज्या आठवड्यात बनलं तो आठवडा. पुढचे दोन म्हणजे साल. एकसष्टावा आठवडा कुठल्याच कारखान्यानं आजवर पाहिलेला नाही.

आकड्यांचा अर्थ तू विसरशील म्हणून मी पत्रात लिहिला नव्हता. आता वाटतं, बरं झालं.

तुझी सगळी पत्रं काल पुन्हा वाचली. टायरं आल्यापासून तू त्या गाडीत एकदाही बसलेला नाहीस. जामखेडला नऊ किलोमीटर चालतोस. मढीला दोन दिवस चालणार म्हणतोस. तू लहानपणी चावडीपर्यंत चालायला कंटाळायचास, मी तुला खांद्यावर नेलेला आहे.

आता माझी एक गोष्ट. ती तुझ्या आईलाही मी सांगितली नव्हती. शेडमधे असताना एका ट्रकचं टायर रिमोल्डला आलं. आतून एक धागा तुटलेला मला बोटाला लागला. असं टायर बाजूला काढायचं असतं. मला त्या दिवशी लग्नाला जायचं होतं. काढायचं म्हणजे मालकाला दाखवायचं, लिहायचं, तासभर जायचा. मी ते चढवून दिलं. अकरा दिवसांनी द्राक्षाचा ट्रक पालथा झाला. ड्रायव्हर वाचला, पाय गेला. त्याला कधी कळलं नाही. उलट कुबडी टेकत शेडवर यायचा, चहा प्यायचा आणि सगळ्यांना सांगायचा, "रंगनाथनं बनवलेलं टायर चांगलंच असणार, माझंच नशीब फुटकं." बावीस वर्षं यायचा. मी रोज उद्या सांगू म्हणायचो. तो मेला.

मी बहिरा झालो तेव्हा सगळ्यांना वाईट वाटलं. मला हलकं वाटलं. लोकांनी चांगलं म्हटलेलं आता ऐकू येत नाही.

मी कारभारीरावांना लिहिणार नाही. ते तूच सांगायचं आहे. आठ तारखेच्या आत. आणि आधी मला खरं काय ते लिही.

रंगनाथ


बाभूळवस्ती
२ मार्च

मामा,

पत्र गोठ्यात बसून वाचलं. तीनदा वाचलं. तुमच्या गोष्टीवर काय लिहावं ते मला कळत नाही, म्हणून लिहीत नाही.  आता खरं काय ते लिहितो.

त्या सोमवारी मी नगरला आलोच नाही. तुमचं पत्र खिशात होतं. एस्टी एका फाट्यावर थांबली, तिथं माळावर बैलगाड्यांची शर्यत होती. हलगी वाजत होती. मी म्हणालो, एक फेरी बघू आणि पुढची गाडी पकडू. मामा, एक पांढरा खोंड होता, शेपटीला गुलाल, तो सुटला की माणसं ओरडायची नाहीत, गप्प व्हायची. त्याच्या पाचही फेऱ्या मी पाहिल्या. तुम्ही स्टँडवर उभे आहात हे मला मधेच एकदा आठवलं होतं. विसरलो असतो तर बरं झालं असतं.

चार वाजून गेले. ढाब्यावर एक टेम्पोवाला भेटला, मागं टायरं, काळी कुळकुळीत. म्हणाला, दुकान बंद करतोय, नवीच आहेत, साइजची मिळतील. मी तुमचं पत्र काढून बघितलं असतं तर केस, गाठी सगळं तिथंच कळलं असतं. नाही काढलं. मला लवकर मोकळं व्हायचं होतं. वाटलं, एवढ्या स्वस्तात नेली तर दाजी खूश होतील. त्यानंच मला जामखेडच्या फाट्यावर आणून सोडलं.

पंक्चरवाल्याकडं बसवायला नेली. त्यानं बोट फिरवलं, बोटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाला, "कानिफभाऊ, दाजींना दावली का?" मी म्हणालो, हो. तो म्हणाला, "शेवटचे दोन आकडे साल असतं, बघितलं का?" मी म्हणालो, "तू बसव ना यार." त्यानं बसवली. दुसरं काही बोलला नाही. तेव्हाच मला कळलं होतं. म्हणजे पूजेच्या आधी.

ताईनं चाकांचे पाय धुतले तेव्हा काळं पाणी खाली आलं आणि कडेला बारीक भेगा दिसल्या, उन्हाळ्यातल्या टाचेसारख्या. सगळ्यांचं लक्ष नारळाकडं होतं. मी पटकन पुढं होऊन पंच्यानं पुसल्यासारखं केलं. त्या दिवसापासून दर दोन दिवसांनी सकाळी दाजी धारा काढत असताना मी जळक्या ऑइलचा बोळा फिरवतो. म्हणजे चोरी माझी आणि तिची राखण पण मीच करतो. दाजींना टायरातलं फारसं कळत नाही. काळं दिसलं की नवं. ते म्हणतात, "बघा, कानिफ गाडीला कसा जपतो."

आणि तुम्ही ओळखलंत ते खरं आहे. मी गाडीत बसत नाही. पोट दुखतं म्हणतो, चालायची आवड म्हणतो.

मागच्या उजव्या टायरला शुक्रवारपासून लिंबाएवढा फुगा आलाय. आतल्या अंगाला आहे, वाकल्याशिवाय दिसत नाही. मी रोज वाकून बघतो.

उद्या सांगतो.

कानिफ


एस्टी कंडक्टरच्या हाती
५ मार्च

कानिफ,

फुगा म्हणजे टायर आतून तुटलेलं आहे. आता त्याच्यात आणि फुटण्यात फक्त रबराचा पापुद्रा आहे.

उद्या म्हणजे कधी, हे मी बावीस वर्षं बघितलं आहे.

शनिवारी सकाळी अकराला मी टायरच्या बाजारात कोपऱ्यावर उभा राहतो. कारभारीरावांबरोबर ये नाहीतर एकटा ये. पण सांगून ये. या वेळी मी दोनला घरी जाणार नाही.

रंगनाथ


बाभूळवस्ती
१७ मार्च

मामा,

पाया पडतो. शनिवारी बाजारात तुम्ही मला फक्त एवढंच विचारलंत, "सांगितलं?" मी मान डोलावली. तुम्ही लगेच टायरांकडं वळलात. दाजी शेजारी होते, ओरडून सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. कसं सांगितलं ते आता लिहितो.

तुमची चिठ्ठी कंडक्टरनं गुरुवारी दुपारी दिली. मी रात्रीत पिशवी भरली. माझं नेहमीचंच मामा, बिघडलं की निघायचं. सकाळी मागच्या दारानं बाहेर पडून बांधापर्यंत गेलो. तिथून डेअरी दिसते. दाजी कॅन चढवत होते. आशू दप्तर घेऊन उभी होती. ती रोज त्याच गाडीनं शाळेत जाते आणि पायरी उंच आहे म्हणून रोज तिला उचलून मी बसवतो. मी नव्हतो म्हणून ती माझी वाट बघत होती. इकडं तिकडं बघत होती.

मी पिशवी बांधावर टाकली आणि पळत आलो.

दाजी चावी फिरवायला बसले होते. मी गाडीपुढं उभा राहिलो. म्हणालो, "दाजी, गाडी काढू नका."

दाजी हसले. "का रं? आज गाडीचं पोट दुखतंय व्हय?"

डेअरीवर दहाबारा माणसं होती. ज्यांच्यासमोर दाजींनी मला पुढं ओढलं होतं तीच. सुनील पण होता. मी सांगायला लागलो. मधून सुरुवात केली, मग शर्यतीचं आलं, खोंडाचं आलं, सुनील म्हणाला, "आरं, टायरचं सांग की!" दोघं हसले. मग मी सगळं सांगितलं. फुग्याचं सांगितलं. मग कुणी हसलं नाही.

दाजी खाली उतरले. मागच्या चाकाशी गेले, गुडघ्यावर बसले, आत हात घातला. त्यांना तो फुगा लागला असणार, कारण हात तिथंच थांबला.  मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "म्हनून तू बसत न्हवतास."



ताई आशूचा डबा घेऊन आली होती, तिनं सगळं ऐकलं होतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "तू बसत न्हवतास. आन हिला उचलून बसवीत हुतास व्हय रं?"

मामा, आशूला रोज मी बसवतो हे मी तुम्हाला लिहिलंच नव्हतं, नाहीतर तुम्हीही हाच प्रश्न विचारला असता.

दूध त्या दिवशी मोटरसायकलींवर गेलं, दोन दोन कॅन बांधून. सुनीलनं तीन खेपा केल्या. दोन कॅन नासले. दाजींनी गाडीला हात लावला नाही. संध्याकाळी मला म्हणाले, "उद्या नगरला तू आन मी जायचं." मी म्हणालो, "दाजी, मी कशाला?" म्हणाले, "तुज्यावर सोडलं हुतं. अजून सोडलेलंच हाय. पन ह्या वेळी मी संगं हाय." बाजारातलं पुढचं तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही प्रत्येक टायरवर दाजींचं बोट धरून फिरवलंत, केस दाखवलेत, गाठी दाखवल्यात. मला नाही दाखवलंत. बरोबर केलंत, मला तुम्ही आधीच लिहून दिलं होतं.

रविवारी मढीला गाडी गेली. ताडपत्रीखाली सतरा बायका. छबूबाई चढताना मला म्हणाल्या, "कानिफा, हिला केस हायेत ना रं? का आमीच आमचे उपटून लावू?" सगळ्या हसल्या. मी पण हसलो, पण कान तापले. आता वस्तीवर कुणी काही नवं आणलं की म्हणतात, केस बघून घ्या. हे बहुतेक माझ्या म्हातारपणापर्यंत चालणार. मढीला निघायच्या आधी ताईनं नव्या टायरांची पूजा केली, पण चाकांचे पाय धुवायचा तांब्या माझ्या हातात दिला. मी चारी चाकांवर पाणी ओतलं. पाणी स्वच्छ खाली आलं. ती बघत होती.

जुनी चारही टायरं ताईनं जाळू दिली नाहीत. हळदकुंकू लागलेलं जाळायचं नसतं म्हणाली. विकायची तर कुणाला, तो पण आपल्यासारखाच कुणीतरी फसायचा. शेवटी दाजींनी मधून कापून शेळ्यांना पाणी प्यायला ठेवलीत. फुगा असलेलं दारासमोर आहे, आकडे वर येतील असंच ठेवलंय. मुद्दाम ठेवलं का ते मी विचारलं नाही. रोज सकाळी त्यात पाणी मीच भरतो. खरे आकडे आता सांगतो: १११६. आशूला मी ते वाचायला शिकवलं. अकरावा आठवडा, सोळा साल. तिनं बोटं मोजली आणि म्हणाली, "मामा, हे तर माझ्यापेक्षा मोठं आहे."

नव्या टायरांचे आकडे ४२२५. चारही सारखी. तुम्ही स्वतः पाहिलेत, तरी लिहितो.

मी अजून इथंच आहे. पिशवी बांधावरनं छबूबाईंच्या शेळीनं ओढून आणली, एक शर्ट खाल्ला. रोज गाडी गार असताना हवा मोजतो आणि दाजींना आकडा सांगतो. ते स्वतः परत मोजतात. मग निघतो. आता मी गाडीत बसतो मामा. पुढं ताई किंवा आशू असते. मी मागं, कॅनांना धरून. परवा पुढं कुणीच नव्हतं, तरी दाजी "पुढं ये" म्हणाले नाहीत. मी पण गेलो नाही. घाटात मागच्या चाकांचा आवाज मला चांगला ऐकू येतो. तो ऐकत बसतो.

कानिफ